झोपाळ्याखाली हिरवे आच्छादन का नको?

कालव्याच्या बांधावर आपण जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती लावतो. त्यांची मुळे मातीचे कण बांधून ठेवतात आणि धूप थांबते. मुलांच्या खेळाच्या जागेत मात्र हाच गुण घातक ठरतो. तिथे सैल वाळू टाकलेली असते. पडणाऱ्या मुलाखालून ती सरकली, तरच धक्का कमी होतो. मुळांनी बांधलेली वाळू सरकत नाही.

गणित सोपे आहे. मूल १.५ मीटरवरून पडले, तर जमिनीशी त्याचा वेग √(२gh), म्हणजे सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो. सैल वाळूत ते १० सेंटीमीटरमध्ये थांबले, तर सरासरी मंदन १५g येते. घट्ट थरावर १ सेंटीमीटरमध्ये थांबले, तर १५०g. ही केवळ सरासरी आहे, शिखरमूल्य याहून मोठे. डोक्याच्या आघातासाठी युरोपीय मानक इएन ११७७ मध्ये मर्यादा २००g आहे. वरून हिरवे आणि मऊ दिसते, म्हणून फसू नका. शिवाय पानांखाली काच, सराट्याचे काटे, विंचू दिसत नाहीत. भातशेतीच्या तंजावरात सापही.

आता बंदोबस्त. तंजावरच्या बागांत तुम्हाला तीन वनस्पती हमखास भेटतील. पिवळ्या फुलांची वेडेलिया जमिनीवरून धावते आणि पेरापेराला मुळे धरते. हरळी (इकडे तिला अरुगम्पुल म्हणतात, गणपतीची दूर्वा तीच) वरूनही आणि जमिनीखालूनही शिरते. म्हणून वाळूभोवतीची कड जमिनीवर थोडी उचललेली आणि खाली निदान २० सेंटीमीटर गेलेली हवी; नुसती विटांची ओळ मांडून भागत नाही. तिसरा नागरमोथा. त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकचा कागद भोकसून वर येतात, आणि त्या कागदाने पाणीही तुंबते. त्याऐवजी जाड, न विणलेले जिओटेक्स्टाइल घाला. वाळू खालच्या चिकण मातीत मिसळत नाही आणि पाणी निचरते. मोथ्याच्या गाठी मात्र आधीच खणून काढाव्या लागतात, त्याला पर्याय नाही.

वाळू धुतलेली घ्या. एम-सँडमधली बारीक पूड तशीच राहिली, तर थर मुळांवाचूनही घट्ट बसतो. २ मीटरपर्यंतच्या उंचीसाठी २० सेंटीमीटर वाळू आणि उधळून जाणारी १० सेंटीमीटर, असा ३० सेंटीमीटरचा थर धरा.

तणनाशक इथे नको, मुले वाळूचे हात तोंडात घालतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपला ईशान्य मोसमी पाऊस. या काळात आठवड्यातून एकदा दाताळे फिरवले, तर कोवळे कोंब सहज उपटतात आणि वाळूही सैल होते. वेडेलियाचे तुकडे तिथेच टाकू नका, प्रत्येक पेर पुन्हा रुजते. झोपाळ्याच्या खांबावर वाळूच्या पातळीची रेघ रंगवून ठेवा. वाळू रेघेखाली गेली की भर घालायची.