कवट्या दिल्लीत पोचल्या, कर्ज गावातच राहिलं!

तामिळनाडूत कुंभकोणमजवळचं नाचियारकोविल प्रसिद्ध आहे ते पितळेच्या समयांसाठी. या समया ओतायच्या तर साचा हवा आणि साच्याला लागते कावेरीच्या पात्रातली बारीक रेती. आजूबाजूला भाताची खाचरं. थोडक्यात, देवघरातला दिवा असो की ताटातला भात, सारं कावेरीच्या भरवशावर.

२०१६मध्ये हा भरवसाच तुटला. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं, ते सुटलं नाही. मागून येणारा ईशान्य मोसमी पाऊसही सरासरीपेक्षा ६२ टक्के कमी. जानेवारी २०१७मध्ये अख्खं राज्य दुष्काळग्रस्त जाहीर झालं.

पीक गेलं, कर्ज मात्र राहिलं. इथल्या घरांमध्ये शेतीसाठी बायकोचे दागिने बँकेत तारण ठेवण्याची रीत आहे. पीक बुडालं की दागिन्यांच्या लिलावाची धास्ती. म्हणजे कर्ज शेतावरचं, पण टांगती तलवार घरातल्या बाईच्या गळ्यावर!

१४ मार्च २०१७ रोजी कावेरीकाठचे शेतकरी दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसले. नेते होते तिरुचिरापल्लीचे वकील पी. अय्याकण्णू. मागण्या तीन: कर्जमाफी, दुष्काळासाठी ४० हजार कोटी रुपये आणि कावेरीसाठी व्यवस्थापन मंडळ. समोर कवट्या मांडल्या होत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या त्या कवट्या, असं आंदोलक सांगत. कुणी तोंडात उंदीर धरला, कुणी रस्त्यावर वाढलेला भात खाल्ला. ४१ दिवसांनी मुख्यमंत्री पलानीस्वामींच्या आश्वासनावर धरणं थांबलं.

युरोपातही लोक असेच बँकांविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. ग्रीसमध्ये कर्जफेडीसाठी पगार आणि पेन्शनला कात्री लागली, तेव्हा ५ मे २०१० रोजी अथेन्समध्ये मोर्चाच्या वेळी एक बँक पेटवली गेली आणि तीन कर्मचारी प्राणाला मुकले. २०११मध्ये माद्रिदच्या चौकात तरुणांनी ठिय्या दिला. प्रश्न तोच: नुकसान कुणाचं आणि भरपाई कुणी करायची? कावेरीच्या शेतकऱ्यांनी मात्र दुसऱ्याला ओरखडाही न काढता आपल्याच देहाचे हाल मांडले.

मिळालं काय? राज्याने २०१६मध्येच लहान शेतकऱ्यांचं सहकारी कर्ज माफ केलं होतं. ४ एप्रिल २०१७ रोजी मद्रास हायकोर्टाने ही सवलत सर्व शेतकऱ्यांना द्या, असा आदेश दिला. जुलैत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. पाण्याचं प्राधिकरण जून २०१८मध्ये स्थापन झालं. फेब्रुवारी २०२१मध्ये १६.४३ लाख शेतकऱ्यांचं १२,११० कोटींचं सहकारी पीककर्ज माफ झालं. त्याच वर्षी सहकारी संस्थांकडे गहाण असलेल्या ४० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांवरची कर्जंही अटींसह माफ झाली. पण राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जदारांना या माफीचा उपयोग नव्हता.

महाराष्ट्राला हे परकं नाही. जंतरमंतरनंतर अवघ्या काही आठवड्यांत, १ जून २०१७ रोजी, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप पेटला आणि २४ जूनला राज्याने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली.

माफीने जुनी वही कोरी होते, पण पुढच्या हंगामाचं पाणी येत नाही. पाणी आणि भाव यांची शाश्वती नसेल, तर सोडवून आणलेलं मंगळसूत्र पुन्हा बँकेच्या तिजोरीत जायला कितीसा वेळ लागणार?