रविवार अडवून धरणारे केंब्रिजकर

मार्गारेट थॅचर यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या सरकारचं अख्खं विधेयक कॉमन्स सभागृहात एकदाच पडलं, १४ एप्रिल १९८६ रोजी. इंग्लंड-वेल्समधल्या दुकानांना रविवारी सर्रास उघडायला मोकळीक देणारं ते विधेयक. पक्षादेश झुगारून ७२ हुजूर खासदार फुटले आणि २९६ विरुद्ध २८२ मतांनी ते दुसऱ्या वाचनातच आडवं झालं.

या पराभवामागे केंब्रिजमधली एक चिमुकली संस्था होती. अर्थतज्ज्ञ मायकेल श्लुटर यांनी १९८३ मध्ये काढलेलं ज्युबिली सेंटर. बायबलमधला समाजविचार घ्यायचा आणि कर्ज, कुटुंब, कामाचे तास अशा आजच्या प्रश्नांना तो लावून पाहायचा, हा तिचा उद्योग. १९८५ मध्ये तिथूनच ‘कीप संडे स्पेशल’ मोहीम निघाली.

खरं तर सरकारची बाजू लंगडी नव्हती. १९५० चा दुकान कायदा हास्यास्पद झाला होता. रविवारी ताजी भाजी विकता येई, डबाबंद नाही. मासिक कितीही चावट असलं तरी चाले, बायबल विकणं मात्र बेकायदा! हे सगळे निर्बंध उठवा, असं सरकारनेच नेमलेल्या ऑल्ड समितीने १९८४ मध्येच सांगितलं होतं.

अशा वेळी केवळ धर्माज्ञा पुढे केली असती, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मोहिमेने विचारलं ते असं: काउंटरवरच्या बाईचा रविवार गेला तर तिने मुलांसोबत कधी बसायचं? छोटा दुकानदार बड्या साखळ्यांपुढे टिकणार कसा? दुकान कर्मचाऱ्यांची युनियन ‘अस्डॉ’ हेच विचारत होती. त्यामुळे चर्च, युनियन आणि काही दुकानदार एका मांडवाखाली आले. हुजूर खासदारांवर चर्चमधल्या मतदारांचा दाब, मजूर बाकांवर युनियनचं वजन. एकट्या अभ्यासगटाच्या पुस्तिकांनी हे साधलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांना ही मांडणी परकी वाटली नसती.

एकी मात्र टिकली नाही. साखळ्या कायदा मोडून दुकानं उघडत राहिल्या. पुढे युनियनही तडजोडीकडे वळली. १९९४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना सकाळी १० ते संध्याकाळी ६ दरम्यान सलग सहा तास मुभा दिली. मोहिमेला हवं होतं त्यापेक्षा हे बंधन कितीतरी सैल. पण तेवढी रेघ टिकली. वेळा ठरवण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना देण्याचा कॅमेरॉन सरकारचा प्रस्ताव ९ मार्च २०१६ रोजी ३१७ विरुद्ध २८६ मतांनी फेटाळला गेला.

तेव्हा लंडनला मुलाकडे-लेकीकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रविवारी संध्याकाळी सातला मोठ्या सुपरमार्केटात दूध मिळणार नाही. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जा.