समोरचा आवाज

लोकगीते जतन केली पाहिजेत, असे आपण वर्गात आणि व्यासपीठावर नेहमी ऐकतो. जतन करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. वहीत उतरवून घ्यायची, की ध्वनिमुद्रित करून ठेवायची? या प्रश्नाचा विचार करताना मला इंग्लंडमधील एका शेतकरी घराण्याचे उदाहरण मोलाचे वाटते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन शहराजवळ, रॉटिंगडीन नावाचे गाव आहे. तेथील कॉपर घराणे पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर आणि मेंढरांवर जगलेले. नांगरणी, मेंढ्यांची लोकर कातरणे, सुगी अशा हंगामाहंगामाची गाणी त्यांच्या तोंडी होती. १८९८ साली केट ली या विदुषीने जेम्स आणि टॉमस कॉपर या भावांकडून ती टिपून घेतली. त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या लोकगीत संस्थेने या दोघांना सन्माननीय सभासद करून घेतले.

ही गाणी वाद्याशिवाय, दोन आवाजांत गायली जातात. एक आवाज मूळ चाल धरतो. दुसरा त्याच वेळी निराळ्या स्वरांनी तिच्याखालून चालतो. आपले झीलकरी ध्रुपद तेवढे उचलून धरतात, तसे हे नव्हे. येथे दोघे आरंभापासून अखेरपर्यंत बरोबर असतात. साहजिकच एकट्याला हे गाणे पुरते गाताच येत नाही. माझ्या मते घराण्याचे गाणे टिकण्याचे रहस्य येथेच आहे. ज्याला गायचे आहे, त्याला दुसरा गळा तयार करावाच लागतो.

जेम्सचा मुलगा जिम याने १९३६ साली गाण्यांचे शब्द वहीत लिहून ठेवले. १९५० साली बीबीसीवरून हे गाणे देशभर ऐकू गेले. जिमचा मुलगा बॉब (१९१५-२००४) चुलतभाऊ रॉन याच्याबरोबर गात असे. बॉबने १९७१ साली ‘अ साँग फॉर एव्हरी सीझन’ या पुस्तकात घरची ही सारी हकिगत लिहिली. रॉनच्या पश्चात खालचा आवाज थांबला नाही. कारण बॉबची मुले जॉन आणि जिल तोवर गाण्यात मुरली होती. पुढे सहा नातवंडेही गाऊ लागली. वही होतीच, पण मुले गाणे शिकली ती वडीलधाऱ्यांबरोबर गाऊन.

आपल्या जात्यावरच्या ओवीचेही असेच नाही का? माझी आजी आणि तिची जाऊ एकाच खुंट्याला हात लावून दळायला बसत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने पुढची उचलायची. गावात पिठाची गिरणी आली आणि समोरची जागा रिकामी झाली. मी आजीकडून चाळीस ओव्या वहीत उतरवून घेतल्या. शब्द तिने भराभर सांगितले. चाल विचारली तेव्हा म्हणाली, “एकटीनं कशी म्हणू गं? समोर कुणी नको का?”

तेव्हापासून सुटीत घरी गेले की मी तिच्यासमोर बसते. माझा गळा बेताचाच. पण मी ओळ उचलली की तिला पुढची आठवते, आणि वहीत नसलेल्याही चार ओव्या निघतात.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी असे कोणी गाणारे असेल. वही जरूर न्या. पण आधी समोर बसून एक ओळ उचला.