मृद्गंध ताटात का येतो? शिंगट्याची गळापासून कालवणापर्यंतची गोष्ट

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बऱ्यापैकी काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मी गोदावरीत पकडलेला पहिला शिंगटा कुणीच खाल्ला नव्हता. मे महिना होता. शहागडच्या पुलापासून थोडं लांब, एका डोहावर गळ टाकून बसलो होतो. सव्वा किलोचा मासा लागला. फोटो काढले, स्टेटस ठेवलं, मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या हँडलला अडकवला आणि अजून दोन तास तिथंच बसलो. घरी कालवण झालं, पहिला घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी! चिखलाचा वास. मी म्हणालो, “मासाच तसला होता.” आजी म्हणाली, “माशाला काय नाव ठेवतोस? तू त्याला पिशवीतच शिजवून आणलायस.”

आजीचं निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं केमिस्ट्रीचं आहे. आज दोन्ही बघू.

आधी ओळख: गळाला लागलंय काय?

खवले नाहीत, अंग बुळबुळीत, तोंडाला मिशा. असे मासे आपण एका नावात गुंडाळतो, पण ते वेगवेगळे आहेत. शिंगटा (कुठे शिंगाडा म्हणतात) चंदेरी, लांब मिशांचा. शिवडा चपटा, मोठ्या जबड्याचा आणि दातांचा. शिंगी आणि मागूर काळपट, चिखलात राहणारे. या दोघांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतात.

मिशा शोभेच्या नाहीत. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात, अंधारात हे मासे डोळ्यांपेक्षा मिशांनी अन्न शोधतात. म्हणून गांडुळाचा गळ संध्याकाळनंतर जास्त चालतो.

गळ काढताना हात सांभाळा

शिंगट्याच्या पाठीवरच्या पराला एक आणि छातीच्या दोन्ही परांना एकेक असे तीन टणक काटे असतात. मासा घाबरला की ते उभे करून लॉक करतो. दाबून खाली बसत नाहीत. बऱ्याच जातींत काट्याला करवतीसारखे दात असतात आणि बाजूला विषाच्या ग्रंथी. शिंगीचा काटा सगळ्यांत वाईट. मला लागला होता. तळहातापासून कोपरापर्यंत ठणका.

काटा लागलाच तर जखम धुवा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या हाताने बघा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला, सूज वाढली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असली तर थेट डॉक्टरकडे.

मासा धरताना जाड ओलं फडकं घ्या आणि छातीच्या काट्यांच्या मागून धरा.

चिखलाचा वास येतो कुठून?

हा आजच्या भागातला माझा सगळ्यात आवडता मुद्दा. पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो, ज्याला आपण कौतुकाने मृद्गंध म्हणतो, त्यामागे जिओस्मिन नावाचा पदार्थ असतो. मातीतले काही सूक्ष्मजीव तो बनवतात. साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळही बनवतं. मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यांतून तो पदार्थ रक्तात जातो आणि चरबीत साठतो.

आपलं नाक याला भयंकर संवेदनशील आहे. एक लिटर पाण्यात दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी अनेकांना कळतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! म्हणजे जूनमध्ये जो वास आपण छाती भरून घेतो, तोच ताटात आला की ताट सरकवतो.

आता शहागडचा हिशेब लावा. वर पैठणला जायकवाडीचं धरण. दरवाजे बंद असले की उन्हाळ्यात आपल्याकडच्या पात्रात डोह उरतात. पाणी साचलेलं, तापलेलं, हिरवं. त्यातला मासा मातकट लागणारच. वाहत्या पाण्यातला तोच शिंगटा गोड लागतो. वासाचा अर्थ मासा सडलाय असा नाही, पण त्याच्यावर उपाय करावा लागतो.

पहिला अर्धा तास

माझी चूक इथे झाली होती. मासा तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक जोरात फटका, मग कल्ल्यांपाशी चीर देऊन रक्त वाहू द्या. रक्त आत राहिलं की मांस लाल आणि उग्र होतं. नंतर मासा बर्फात. बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि लवकर घर गाठा. चाळीस अंशांच्या उन्हात बंद पिशवी म्हणजे चालता-फिरता कुकर.

घरी आल्यावर:

१. काटे पक्कडीने किंवा कोयत्याने आधी तोडा.
२. चुलीतली राख किंवा जाडं मीठ लावून बुळबुळीतपणा खसखसून काढा. आजीची राखेची पद्धत आजही सगळ्यांत सोपी.
३. पोट फाडून आतडी आणि हवेची पिशवी काढा. शिवड्याच्या या पिशवीत कधीकधी काळसर चपटे कृमी दिसतात. घाबरू नका, पिशवीसकट फेकून द्या.
४. मणक्याला चिकटलेली रक्ताची काळी रेघ नखाने खरवडा.
५. मासा डोहातला असेल तर कातडी, पोटाची चरबी आणि बाजूचं गडद लाल मांस काढा. जिओस्मिन मुख्यतः इथेच असतं.

चिंच नुसती चवीला नसते

आंबट पदार्थांत जिओस्मिनची रचना बदलते आणि वास नसलेला पदार्थ तयार होतो. आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण चिंच माहीत होती. वास पूर्ण जातोच असं नाही, पण खूप कमी होतो.

एक किलो तुकड्यांना हळद, मीठ आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा. ते पाणी फेकून द्या. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, लसूण-आलं-कोथिंबिरीबरोबर वाटा. तेलात वाटण सुटेपर्यंत परता, दोन चमचे काळा मसाला घाला, गरम पाणी घालून उकळी आणा. रस्सा दाट हवा असेल तर चमचाभर येसर पाण्यात कालवून सोडा. तुकडे शेवटी टाका आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा. डाव घालून ढवळू नका, पातेलं हलवा. मांस पांढरं होऊन काट्यापासून सहज सुटलं की झालं. गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा कधीच खायचा नाही, त्यातले कृमी शिजवूनच मरतात. सोबत ज्वारीची भाकरी.

कोणता मासा घरी आणायचा नाही?

मेलेला, तरंगणारा मासा नाही. नाल्याच्या तोंडाशी किंवा फेसाळ पाण्यात सापडलेला नाही. विष किंवा सुरुंग वापरून मारलेला तर अजिबात नाही. तो १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तलावांचे ठेके बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तिथे आधी विचारा. त्यावर भोई कुटुंबांचं पोट आहे, आपली फक्त रविवारची हौस आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. शिवडा जागतिक पातळीवर धोक्यातल्या जातींत मोजला जातो आणि देशी मागुराची अवस्था त्याहून वाईट आहे. शिवाय पैठणहून पाणी सोडल्याचा इशारा असेल तर काठावर जायचंच नाही.

आणि एक उलटा नियम. देशी मागूर सहसा हातभरही होत नाही. दोन-तीन किलोचा मांगूर लागला तर तो आफ्रिकन असण्याची शक्यता जास्त. हा दुसरे मासे फस्त करतो. केंद्राने २००० साली त्याच्यावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितले. तो परत नदीत सोडू नका आणि ‘लवकर वाढतो’ म्हणून शेततळ्यात तर मुळीच टाकू नका. शेततळं भरून वाहिलं की तो ओढ्यात जातो आणि ओढा शेवटी गोदावरीलाच मिळतो.

दुसऱ्या वेळी मी हे सगळं पाळलं. आजीने पहिला तुकडा खाल्ला, काही बोलली नाही, फक्त ताट पुढे केलं. आमच्याकडे याला फाइव्ह स्टार म्हणतात.

तुमच्या गावात या माशांना काय म्हणतात आणि वास घालवायला काय वापरतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!