थंडीत आधी ‘शाळा’ वाचा, सिनेमा नंतर!

थंडी पडली की रजईत शिरून काय वाचावं? मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ काढा. सिनेमा आधीच पाहिलाय? मग थोडी पंचाईत आहे.

ही कादंबरी नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतो. वर्गातली शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्याच नजरेतून. तिच्या मनात खरंच काय आहे, हे वाचकाला मुकुंदइतकंच कळतं, म्हणजे फारसं नाहीच! त्याच्यासोबत आपणही अंदाज बांधत बसतो. सुजय डहाके यांच्या सिनेमात मात्र शिरोडकर म्हणजे केतकी माटेगावकर. तो गोड चेहरा एकदा डोक्यात बसला की पुस्तकात दुसरी शिरोडकर दिसतच नाही.

मग सिनेमा कमी पडतो का?

अजिबात नाही. मुकुंदची मनातली अखंड बडबड पडद्यावर आणणं सोपं नव्हतं. या रूपांतरित पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 59व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘शाळा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटही ठरला. अंशुमन जोशीचं नुसतं चोरून बघणं दोन पानांचं काम करतं.

आणीबाणीचा काळ मात्र पुस्तकातच अधिक मुरलेला वाटतो. पोरांच्या टवाळक्यांच्या आडून तो हळूच आत येतो. त्या टवाळक्या वाचताना हसू आवरत नाही, तेव्हा शेजारी कोणी झोपलं असेल तर जपून. आठवडाभराच्या रात्री पुस्तकाला द्या, सिनेमा रविवारी दुपारी.