सहा किलोमीटरची अट

चिपळूणच्या बाजारपेठेत घेतलेला मोबाइल गुहागरात चालतो, मुंबईत चालतो आणि परदेशी नेला तर तिथेही चालतो. हँडसेट एका कंपनीचा, त्यातली चिप दुसरीची, टॉवरवरची यंत्रणा तिसरीची. तरी तिघांचे एकमेकांशी जमते, कारण संदेश कसा पाठवायचा याचे नियम आधीच ठरलेले असतात. या नियमावलीला मानक म्हणतात. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘थ्रीजीपीपी’ या जागतिक व्यासपीठावर निरनिराळ्या देशांतल्या कंपन्या आणि संस्था मिळून ही मानके लिहितात.

मानक कोणालाही वाचता येते, पण त्याचा वापर फुकट नसतो. कोकणात वहिवाटीचे वाद नवे नाहीत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. वाडीकडे जाणारी वाट गावाने मिळून ठरवली, पण ती पाच-दहा जणांच्या जमिनीतून जाते. मोबाइलमध्ये ही जमीन म्हणजे पेटंट, शोधावर वीस वर्षांपुरता मिळणारा हक्क. जे पेटंट वापरल्याशिवाय मानक पाळताच येत नाही, ते त्या मानकासाठी अत्यावश्यक पेटंट. वाट आखली जात असताना ती दुसरीकडून नेता येते. एकदा सगळे गाव त्या वाटेने जाऊ लागले, की जमीनमालक मागेल ती रक्कम द्यावी लागेल. म्हणून मानक ठरतानाच पेटंटधारकांकडून हमी घेतली जाते, की रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर आम्ही सर्वांना परवाना देऊ.

आता ‘वाजवी’ म्हणजे किती? हाच प्रश्न भारतात न्यायालयात गेला. स्वीडनच्या एरिक्सनने २०१३ साली मायक्रोमॅक्सविरुद्ध आणि पुढे इंटेक्स, लाव्हा यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले. वादाचा एक मोठा मुद्दा असा, की रॉयल्टी चिपच्या किमतीवर मोजायची की संपूर्ण फोनच्या? समजा फोन दहा हजारांचा आणि चिप हजाराची. एक टक्का दर धरला तर एका हिशेबाने दहा रुपये होतात, दुसऱ्याने शंभर. मायक्रोमॅक्सशी २०१८ मध्ये तडजोड झाली. लाव्हाच्या दाव्यात मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आठपैकी सात पेटंटे वैध ठरवली, फोनच्या विक्री किमतीवर हिशेब केला आणि सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली.

पेटंटधारकाची बाजूही खोटी नाही. संशोधनाचा खर्च भरून निघाला नाही, तर पुढच्या पिढीचे तंत्र कोण शोधणार? पण स्वस्त फोन बनवणाऱ्याला अशा अनेक मालकांना पैसे मोजावे लागतात, आणि शेवटी तो बोजा गिऱ्हाइकावर येतो. न्यायालय दर ठरवू शकते. वाट कुठून जाईल हे मात्र त्याआधीच ठरलेले असते. म्हणून मानक लिहिताना हजर असणे महत्त्वाचे.

भारताने हे एकदा करून दाखवले. फाइव्ह-जीच्या जागतिक कसोट्यांत ग्रामीण भागासाठी दोन टॉवरमधले अंतर १,७३२ मीटर धरले होते. आपल्याकडे खेड्यात इतके टॉवर कोण उभारणार? भारताची दूरसंचार मानक संस्था टीएसडीएसआय हिने सहा किलोमीटर अंतराची कसोटी मांडली, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये ती स्वीकारली. पालघर जिल्ह्यातल्या गावांत इंटरनेट पोचवण्याचे प्रयोग करणारे आयआयटी मुंबईचे तेव्हाचे प्राध्यापक अभय करंदीकर हे या संस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक.

अडचण अशी, की टॉवरचा आवाज मोठा असतो, खिशातल्या फोनचा लहान. टॉवर दूर गेला की त्याचे फोनला ऐकू येते, फोनचे त्याला येत नाही. यावर आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि चेन्नईच्या सीविट या संस्थांनी फोनला अधिक जोराने संदेश पाठवता येईल अशी पद्धत विकसित केली. त्यातून तयार झालेल्या ‘फाइव्ह-जी-आय’ला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वेगळ्या मानकामुळे फोन महागतील, असा आक्षेप दूरसंचार कंपन्यांनी घेतला. अखेर त्याच वर्षाच्या शेवटी ते थ्रीजीपीपीच्या मानकात विलीन करण्याचे ठरले. स्वतंत्र नाव गेले, पण आपली गरज जगाच्या नियमावलीत शिरली.

तरीही सहा किलोमीटर हे अंतर सपाटीचे. आपल्याकडे वाडी आणि टॉवर यांच्यामध्ये डोंगर येतो आणि दीड किलोमीटरवरही रेंज जाते. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचा संपर्क तुटला, तेव्हा प्रश्न अंतराचा नव्हताच. वीज गेल्यावर टॉवर किती तास तग धरतो, हा होता. सिक्स-जीची मानके आता आकार घेत आहेत आणि २०३० च्या सुमारास ती वापरात यावीत, असा बेत आहे. डोंगर, पाऊस आणि पूर यांची मोजमापे घेऊन त्या चर्चेत कोणी बसले नाही, तर कोकण पुन्हा दुसऱ्याने आखलेल्या वाटेचे पैसे भरत राहील. ही मोजमापे घेण्याचे काम इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आजही सुरू करता येईल.