पर्णयवानी : ओव्याच्या पानाचे गुण आणि पाषाणभेदाचा घोळ

महाराष्ट्रातील घरांच्या गॅलऱ्यांतून आणि परसांतून जी वनस्पती कोणी मुद्दाम न जोपासताही टिकून राहते, तिला आपण पानओवा किंवा ओव्याचे पान म्हणतो. जाड, मांसल, लवयुक्त, कातरलेल्या कडांचे पान. बोटांत चुरडताच ओव्याचा उग्र दर्प. श्रावणात भजी, लहान मुलास खोकला झाला की रस आणि मध, पोट दुखले की मिठाबरोबर चावावयास दोन पाने, एवढ्यावर तिचा घरगुती संसार संपतो. वैद्यवर्गाचे मात्र तिच्याकडे दुहेरी दुर्लक्ष झाले आहे. तिचे जे खरे गुण आहेत ते आपण फारसे वापरीत नाही, आणि जे तिचे नव्हेत ते ‘पाषाणभेद’ या नावाखाली तिच्या माथी मारले जातात. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या गोष्टीवर अधिक आहे.

आधी ओळख. लूरेरो या पोर्तुगीज मिशनरी वनस्पतिज्ञाने १७९० मध्ये ‘कोलियस अँबॉयनिकस’ या नावाने तिचे वर्णन केले. पुढे बेंथमचे ‘कोलियस अरोमॅटिकस’ हे नाव आपल्याकडील ग्रंथांत रूढ झाले, नंतर ‘प्लेक्ट्रँथस अँबॉयनिकस’ आले, आणि २०१९ च्या पुनर्मांडणीत वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला पुन्हा कोलियस या प्रजातीत नेले. खरेदीच्या कागदावर यांपैकी कोणतेही नाव असले तरी वनस्पती एकच, हे औषधनिर्मात्यांनी ध्यानी ठेवावे. कुल तुळशीचे. आपल्याकडे तिला फुले क्वचितच येतात. फांदी रोवली की झाड होते.

बृहत्त्रयीत ‘पर्णयवानी’ या नावाने हे द्रव्य आढळत नाही. नावच सांगते की ओव्याच्या साम्यावरून ते दिले गेले, आणि हे साम्य निव्वळ गंधापुरते नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल हा प्रमुख घटक असतो. पानओव्याच्या तेलात प्रदेशपरत्वे कधी थायमॉल तर कधी त्याचेच समघटक कार्व्हाक्रॉल प्रधान असते. रस कटु-तिक्त, गुण लघु व तीक्ष्ण, विपाक कटु, वीर्य उष्ण; म्हणून कफवातशमन, दीपन, पाचन आणि कृमिघ्न ही कर्मे ओघानेच येतात. आध्मान, अजीर्ण, उदरशूल, कफप्रधान कास आणि प्रतिश्याय येथे तिचा उपयोग सयुक्तिक ठरतो. केरळात ‘पनिकूर्क्का’ म्हणून बालकांच्या ज्वर-कासात पानांचा रस देण्याची प्रथा घरोघरी आहे. तमिळनाडूत ती ‘कर्पूरवल्ली’ आहे. कर्नाटकात ‘दोड्डपत्रे’ ताकात वाटून तंबुळी करतात. सुमात्रातील बटक समाजात सूतिकेस स्तन्यवृद्धीसाठी याच पानांचे सार देण्याची जुनी चाल आहे. आपल्या सूतिकापरिचर्येत ओवा आणि बाळंतशेपेला जे स्थान आहे, ते पाहता हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता घोळाकडे वळू. चरकाने मूत्रविरेचनीय दशेमानीत पाषाणभेद घेतला, सुश्रुताने वीरतर्वादि गणात अश्मभेदक घेतला. भावमिश्राने तो शीत, तिक्त-कषाय आणि बस्तिशोधन सांगितला. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने पाषाणभेद म्हणून हिमालयातील बर्जेनियाचा मूलस्तंभ स्वीकारला आहे. परंतु व्यवहारात बंगालकडे ‘पाथरचूर’ म्हणून पानओवाच पाषाणभेद समजला जातो. दक्षिणेत कपूरमाधुरी वापरतात. केरळात नदीपात्रांतून वाढणारी ‘कल्लूरवंची’ घेतात. हिंदी भाषक रुग्ण ‘पत्थरचट्टा’ म्हणतो तेव्हा बहुधा तो पर्णबीजाविषयी बोलत असतो. एका नावाखाली पाच वनस्पती!

यावर ‘प्रत्येक प्रांताची परंपरा असते’ असे म्हणून पुढे जाणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. कपूरमाधुरी किंवा कल्लूरवंचीबाबत ते एक वेळ मान्य करता येईल. पण पानओव्याचे वीर्य उष्ण आणि भावमिश्रोक्त पाषाणभेदाचे शीत. सदाह मूत्रकृच्छ्र, पित्तानुबंधी अश्मरी, मूत्रातून रक्त जाणारा रुग्ण अशा ठिकाणी शीत-कषाय द्रव्याच्या जागी तीक्ष्णोष्ण द्रव्य गेले तर लाभ बाजूलाच राहतो, दाह वाढण्याची भीती असते. शिवाय क्वाथ उकळताना सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते. मागे रोझमॅरिनिक आम्लासारखी जलविद्राव्य द्रव्ये उरतात. म्हणजे पानओव्याचा क्वाथ हा धड पाषाणभेदाचाही नव्हे आणि धड पानओव्याचाही नव्हे.

पर्णबीजाची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यात हृदयावर क्रिया करणारी ब्यूफाडायेनोलाइड वर्गाची द्रव्ये असतात; त्याच्या जातभाईंमुळे ऑस्ट्रेलियात गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. मुतखड्यासाठी रोज उपाशीपोटी पत्थरचट्ट्याची पाने चावणारा रुग्ण जर हृदयविकारावरील डिगॉक्सिनही घेत असेल, तर वैद्याने ते विचारून घेतलेच पाहिजे. ओळख मात्र सोपी आहे. पर्णबीजाच्या पानाला ओव्याचा गंध नसतो, लव नसते, आणि कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. रुग्णाला ‘पान घेऊन या’ असे सांगण्यात कमीपणा मानू नये.

तिसरा गोंधळ ‘कोलियस’ या शब्दाचा. मुळांसाठी लागवड होणारी कोलियस फोर्स्कोलाय ही वनस्पती निराळी. तिच्या मुळातील फोर्स्कोलिन हे द्रव्य १९७० च्या दशकात भारतातच वेगळे करण्यात आले, आणि ते रक्तदाब उतरविते. पानओव्याकडून त्या कार्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. नुसते ‘कोलियस’ लिहिलेले देयक औषधनिर्मात्याने परत पाठवावे.

अखंड स्वरूपात माल घेतल्यास फसवणूक अवघड होते. बर्जेनियाचा मूलस्तंभ कठीण, तुकड्यांत येणारा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पिष्टकण आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे गुच्छाकार स्फटिक दिसतात. (अश्मरी फोडणाऱ्या द्रव्याच्या पोटात अश्मरीचेच द्रव्य, हा निसर्गाचा विनोदच.) पानओव्याच्या चूर्णात लव व तैलग्रंथी दिसतात. तयार चूर्ण घेणाऱ्याला मात्र विक्रेत्याच्या सचोटीवरच भिस्त ठेवावी लागते, आणि ती महाग पडते.

पानओवा स्वतःच्या नावाने वापरावयाचा तर ताजाच वापरावा. पानात पाण्याचा अंश फार. सावलीत वाळविताना ते काळे पडते, कुजते, आणि तेल उडून जाते. म्हणून स्वरस किंवा फांट हीच कल्पना योग्य. पान तव्यावर किंचित वाफवून पिळल्यास रस सहज निघतो. शार्ङ्गधराची स्वरसाची अर्धा पल ही मात्रा या तीक्ष्ण द्रव्यास माझ्या मते अधिक आहे. प्रौढास ५ ते १० मि.ली. आणि बालकास वयानुसार काही थेंब ते अर्धा चमचा पुरे. एक वर्षाखालील बालकास मध कदापि देऊ नये, आणि इतक्या लहान बालकास हा तीक्ष्ण रसही न देणे बरे. पित्तप्रकृती, अम्लपित्त, रक्तपित्त आणि गर्भिणी येथे टाळावा.

या वनस्पतीचे सर्वांत ठळक अलीकडील संशोधन तैवानमधून आले, आणि तेही श्वासरोगावर नव्हे तर मधुमेहींच्या पायाच्या व्रणावर. तिचा विशिष्ट अंश आणि मण्डूकपर्णीचा अर्क यांच्या मलमाची २३६ रुग्णांवरील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ आठवड्यांत व्रण पूर्ण भरून येण्याचे प्रमाण मलमाच्या गटात ६०.७ टक्के, तर शोषक पट्टीच्या गटात ३५.१ टक्के होते. ते मलम म्हणजे प्रमाणित अंशाचे निर्जंतुक उत्पादन आहे. त्यावरून मधुमेही रुग्णाच्या व्रणावर पानांचा कल्क बांधू नये. मात्र जे द्रव्य आपल्या कुंडीत आहे आणि जे आपल्या व्रणोपचारांत नित्याचे आहे, त्या दोहोंचा योग तैवानमध्ये सिद्ध व्हावा, यावर आपल्या महाविद्यालयांतील द्रव्यगुण व शल्यतंत्र विभागांनी एकत्र बसावयास हरकत नाही.